छोट्या पायांना छोटं मैदान

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत मैदानं कमी पडतात, ही ओरड खरी आहे. ठाणे स्टेशनजवळच्या गावदेवी मैदानाच्या पोटात वाहनतळ झाला. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडासंकुलात 2017 साली 90वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आगरी महोत्सवही तिथेच भरतो. मांडव पडला की चेंडू घरी. मग फुटबॉल शिकवायचा तर पालकांपुढे उरतो तो जाळी लावलेला टर्फ आणि त्याची महिन्याची फी.

पण जागेची ही अडचण मोठ्यांच्या खेळाची आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांना मोठं मैदान लागतच नाही. उलट ते त्यांच्या मुळावर येतं.

टर्फवरच्या अनेक वर्गांत संध्याकाळी एकच दृश्य दिसतं. दहा-बारा मुलांची रांग, समोर प्लास्टिकचे कोन, आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटांनी एकदा येणारा चेंडू. शेवटी सामना होतो, त्यात दोन चपळ मुलं खेळतात आणि बाकीची धावतात. जाळीबाहेरून आईबाबा ओरडतात, ‘पास दे, पास दे!’ सहा वर्षांच्या मुलाला आत्ताच कुठे चेंडू पायाशी ठेवता येऊ लागलेला असतो. तो पास का देईल?

जर्मनीने यावर सरळ उपाय केला. 2024-25च्या हंगामापासून तिथे सर्वांत लहान गटात दोघांविरुद्ध दोघं किंवा तिघांविरुद्ध तिघं खेळतात. चार छोटे गोल, गोलरक्षक नाही. गोल झाला की दोन्ही संघांतून एकेक मूल बदलायचं, त्यामुळे बाकावर कुणी बसून राहत नाही. जिंकलेला संघ शेजारच्या वरच्या मैदानावर सरकतो, हरलेला खालच्या, म्हणून पुढची लढत बरोबरीची होते. गुणतक्ता नसतो. यावर टीका झाली, आणि ती थेट जर्मन फुटबॉल महासंघाचे उपाध्यक्ष हान्स-योआखिम वात्सके यांनी केली. लहानपणी हरणं अनुभवलं नाही तर जिंकण्याची ताकद येणार कुठून, असा त्यांचा मुद्दा होता. तो इथे लागू पडत नाही. मुलं गोल मोजतातच, रडतात, पुन्हा खेळतात. गेला आहे तो फक्त मोठ्यांना मिरवायला लागणारा तक्ता.

नॉर्वेने तर 1987 सालीच मुलांच्या खेळासाठी नियम केले. अकरा वर्षांखालच्यांचे निकालतक्ते तिथे लावत नाहीत. फुटबॉलपटू अर्लिंग हालांड नॉर्वेतल्या ज्या ब्रिन गावात वाढला, तिथे त्याच्या बरोबरीची चाळीसेक मुलं वर्षानुवर्षं एकत्र खेळली. प्रशिक्षक आल्फ इंगवे बेर्न्टसेन यांनी ‘चांगली’ आणि ‘कच्ची’ अशी वाटणी केली नाही, कुणाला वगळलं नाही. त्यांतली हालांडसकट काही मुलं पुढे व्यावसायिक खेळाडू झाली. आपल्याकडे सातव्या वर्षी ‘सिलेक्शन’ होतं. एकाच वर्षी जन्मलेल्या, पण जानेवारीतल्या आणि डिसेंबरातल्या मुलांत त्या वयात जवळपास वर्षाचा फरक पडतो. निवडलं जातं ते बहुतेकदा आधी जन्मलेलं, अंगाने थोराड मूल. गुण कुणात आहे हे तेव्हा कळतच नाही.

भारतातही वाट दाखवणारे आहेत. मिझोराममध्ये 2016 साली लहानग्यांची नाऊपांग लीग सुरू झाली आणि त्याच धर्तीवर देशभर बेबी लीग आल्या. महाराष्ट्राने 15 सप्टेंबर 2017 रोजी दहा लाख मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळवायचा बेत केला होता. उत्साह मोठा होता. मुलाला मात्र दर आठवड्याला खेळायला हवं.

यासाठी नवं संकुल बांधायची गरज नाही. एका पूर्ण मैदानात तिघा-तिघांची आठ-नऊ मैदानं सहज आखता येतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी ठाण्याचं सेंट्रल मैदान, डोंबिवलीचं भागशाळा मैदान, कल्याणचं सुभाष मैदान अशा ठिकाणी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एक कोपरा आठ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी राखावा. सोसायट्यांनी पोडियमवरची ‘चेंडू खेळण्यास मनाई’ची पाटी निदान पाच ते सात या वेळेत बाजूला ठेवावी. आणि मे महिन्याच्या शिबिरांच्या जाहिरातीत चषकाच्या फोटोऐवजी एका कोचमागे किती मुलं आणि किती मुलांमागे एक चेंडू, हे छापावं. पालकांनीही फी भरण्याआधी हेच विचारावं.