घरांतल्या चर्चा : पशूचें अंग आणि मनुष्याचा देह

सोलापूरकडील एका वाचक भगिनीनें पत्र पाठविलें आहे. सासूबाईंच्या हृदयाची झडप निकामी झाली असून, डॉक्टर जी नवी बसविणार ती डुकराच्या हृदयांतील अथवा गाईबैलाच्या हृदयावरणाची केलेली असेल. सासूबाई जन्मभर सोंवळ्यांत वागलेल्या. त्यांस हें सांगावें कीं न सांगावें? घरांतील कर्त्या पुरुषांनीं 'म्हातारीला काय कळतें' म्हणून प्रश्न निकालांत काढिला आहे. सुनेस मात्र झोंप नाहीं.

सांगावें, हेंच माझें उत्तर. ज्यांच्या छातींत ती वस्तु बसावयाची त्यांसच वगळण्याचा अधिकार मुलांस कोणी दिला? मात्र अर्धवट सांगूं नये. अशी झडप जिवंत नसते. १९६० नंतरच्या दशकांत पॅरिस येथील डॉ. अलँ कार्पेंतिए यांनीं ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणांत कमाविण्याची रीत घालून दिली. कमाविलेल्या कातड्याप्रमाणें तिच्यांतील जिवंतपणा संपतो, आणि म्हणूनच शरीर तिला फारसा विरोध करीत नाहीं. धातूची झडपहि मिळते. पण मग रक्त पातळ ठेवण्याचें औषध आजन्म घ्यावें लागतें व वरचेवर रक्त तपासावें लागतें. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्त गोठूं नये म्हणून जें हेपारिन देतात, तें बहुतेक डुकराच्या आंतड्यांपासूनच काढिलेलें असतें! तेव्हां धातूची झडप घेतली म्हणजे सोंवळें राखिलें, असें समजण्यांत फारसा अर्थ नाहीं.

खरा बिकट प्रश्न जिवंत अवयवाचा आहे. १९६३-६४ सालीं अमेरिकेंत न्यू ऑर्लिअन्स येथें डॉ. कीथ रीम्ट्स्मा यांनीं चिंपांझी वानरांचीं मूत्रपिंडें तेरा रुग्णांस बसविलीं. बहुतेक लौकरच दगावले. पण एक तरुण शिक्षिका नऊ महिने जगली, आणि पुन्हां शाळेंत शिकवूं लागली. (तिनें वर्गांतील मुलांस काय सांगितलें असेल, हा विचार माझ्यासारख्या मास्तराच्या मनांतून जात नाहीं.) पुढें वानर मागें पडून डुक्कर पुढें आलें. त्याचे अवयव आकारानें मनुष्याच्या अवयवांस जुळतात, आणि तें लौकर वाढतें. दशावतारांत ज्याच्या रूपास हात जोडावयाचे आणि गल्लींत ज्यास हाकलावयाचें, तोच हा प्राणी. अडचण एवढीच कीं, त्याच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा असते. ती मनुष्यांत नाहीं. तिच्याविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आपल्या रक्तांत आधींच सज्ज असतात, व परका अवयव कांहीं मिनिटांत अगर तासांत बाद होतो.

आपल्या देशांतहि हें धाडस झालें. जानेवारी १९९७ मध्यें गुवाहाटीजवळ सोनापूर येथें डॉ. धनीराम बरुआ यांनीं ३२ वर्षांच्या एका रुग्णास डुकराचें हृदय व फुप्फुसें बसविलीं. रुग्ण सात दिवसांनीं वारला, व अवयव-प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यान्वये डॉक्टरांस तुरुंगवास घडला. अलीकडे कोणी त्यांस द्रष्टे म्हणतात. मला तें पटत नाहीं. मरणोन्मुख माणसावर प्रयोग करणारानें चार जाणत्यांपुढें आधीं आपली वही उघडून ठेवावी.

त्यानंतर डुकराच्या बीजांतच फेरफार करून ती शर्करा काढून टाकण्यांत आली. जानेवारी १९२२ नव्हे, २०२२ मध्यें बाल्टिमोर येथें अशा डुकराचें हृदय, दहा फेरफार केलेलें, एका रुग्णास बसविलें. तो दोन महिने जगला, व त्या हृदयांत डुकरांचा एक विषाणु सांपडला. जानेवारी २०२५ मध्यें बॉस्टन येथें बसविलेलें मूत्रपिंड २७१ दिवस चाललें. ऑक्टोबरांत तें काढावें लागलें. इतके दिवस त्या गृहस्थाची यंत्रावर रक्तशुद्धि करून घेण्यांतून सुटका झाली, हेंहि थोडें नव्हे.

धर्माचें काय, असें विचारणारांस मी छांदोग्यांतील उषस्ति चाक्रायणाची कथा सांगतों. दुष्काळांत त्यानें एका हत्तीवाल्याचे उष्टे कुळीथ मागून खाल्ले. पण त्याच माणसानें पाणी देऊं केलें तेव्हां तें नाकारिलें. कुळिथांवांचून तो जगता ना; पाणी मात्र त्यास अन्यत्र मिळत होतें. आपद्धर्माची मर्यादा गरज जेथवर तेथवरच.

आतां आपलें पाणी अन्यत्र आहे कीं नाहीं? मेंदू मृत झालेल्या मनुष्याचीं मूत्रपिंडें, यकृत, हृदय दुसऱ्यांस देतां येतात, आणि आपल्या कायद्यानें त्यास १९९४ पासून वाट करून दिली आहे. तरी तो प्रसंग घरावर आला म्हणजे वडील मंडळी 'देह अखंड जावा' म्हणून हात आंखडतात, आणि तोच देह दुसऱ्या प्रहरीं अग्नीस देतात. मग मूत्रपिंड देण्याची पाळी येते ती बहुधा घरांतील आईवर नाहीं तर पत्नीवर. भाऊ-पुतण्यांस त्या वेळीं नोकऱ्या आठवतात. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं, तर बंद खोलींत त्याच कामासाठीं वाढविलेल्या मुक्या जनावराकडे बोट! डुकराचें मूत्रपिंड निषिद्ध असें मी म्हणत नाहीं. पण आधीं माजघरांत सर्वांनीं बसून, सुनांसकट, आपल्यापैकीं कोण काय देऊन जाणार हें एकदां बोलावें.

सासूबाईंनीं नंतर देवपूजा करावी कीं नाहीं, असेंहि त्या भगिनीनें विचारिलें आहे. जखम भरली व डॉक्टरांनीं बसावयास परवानगी दिली कीं करावी.