पहाट मोजावी, निर्णय उलेमांनी घ्यावा

रमजानच्या वेळापत्रकात सहरी संपण्याचा जो क्षण छापलेला असतो, तो सहसा गणिताने काढलेला असतो. सूर्य क्षितिजाखाली ठरावीक अंशांवर आला की ‘सुबह सादिक’, म्हणजे खरी पहाट, झाली असे मानले जाते. वाद आहे तो या अंशांचा. भारतीय उपखंडात १८ अंश रूढ आहेत; इजिप्तमध्ये १९.५, तर उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी १५ धरतात. एका अंशाचा फरक म्हणजे किमान चार मिनिटे. पहाट उशिराची धरली तर रोजा धोक्यात येतो, लवकरची धरली तर फज्रची नमाज.

आग्नेय आशियात या प्रश्नाला मोजमापाची जोड मिळाली. आकाशाची दीप्ती नोंदवणारे, हातात मावणारे उपकरण रात्रभर आकाशाकडे रोखून ठेवायचे. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री आकडे जवळपास स्थिर राहतात. पहाटेच्या प्रकाशाने आलेख जेथे वळतो, त्या क्षणी सूर्य किती अंश खाली होता ते काढायचे. अशा निरीक्षणांच्या पार्श्वभूमीवर मलेशियाने २०१९ मध्ये २० ऐवजी १८ अंश स्वीकारले. इंडोनेशियात ‘मुहम्मदिया’ या मोठ्या संघटनेने २०२१ मध्ये तोच बदल केला; तेथील धर्म मंत्रालय मात्र २० अंशांवर ठाम राहिले. परिणामी एकाच गावात सुमारे आठ मिनिटांच्या अंतराने दोन पहाटा होऊ लागल्या.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, उपकरण प्रकाश मोजते, पहाटेची व्याख्या करत नाही. पहाटेपूर्वी पूर्वेला उभा दिसणारा फिकट पट्टा, म्हणजे ‘सुबह काजिब’, आणि क्षितिजावर आडवा पसरणारा खरा उजेड यांतील भेद शास्त्रार्थाचा आहे. यंत्राला जाणवलेला पहिला बदल हीच खरी पहाट मानायची की डोळ्यांना दिसणारा उजेड, हे उलेमांनीच सांगायचे आहे. दुसरा धडा, मोजणी अंधाऱ्या जागीच व्हावी. शहराच्या झगमगाटात आलेख उशिरा वळतो. तेथील आकडे प्रमाण मानले, तर नमाजची वेळ सूर्याऐवजी रस्त्यावरचे दिवे ठरवतील.

भारताकडे अशा जागा आहेत. लडाखमधील हानले आणि महाराष्ट्रातील पेंच येथे अंधारे आकाश जाणीवपूर्वक जपले जात आहे. माझी सूचना अशी, की आपल्या खगोलसंस्थांनी निरनिराळ्या अक्षांशांवर आणि ऋतूंत वर्षभर आकाशदीप्तीची नोंद घ्यावी आणि ती सर्वांना खुली करावी.

धर्मनिरपेक्ष शासनाने यात का पडावे, असा आक्षेप येईल. परंतु १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तेव्हा शासनाने हेच केले होते. आजही राष्ट्रीय पंचांगाचे गणित कोलकात्यातील सरकारी केंद्रात होते. ते पाळावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. शिवाय हीच नोंद प्रकाशप्रदूषण आणि निशाचर जीवांच्या अभ्यासालाही उपयोगी पडेल.

कदाचित १८ अंशच योग्य ठरतील. तसे झाले तरी ते स्वतःच्या आकाशावर पारखून घेतलेले असतील. मात्र नोंद शासनाची आणि निर्णय समाजाचा, ही सीमारेषा कोणीही ओलांडू नये.