साक्षीदाराचं नाव खोडू नका



गोदीत एक नियम आहे. जहाजातून उतरलेला नग गेटपासशिवाय दाराबाहेर जात नाही. नगावर मार्का असतो. माल कुठल्या जहाजातून आला, कुणाचा, किती, हे टॅली क्लार्क लिहून घेतो. ज्या मालाला कागद नाही तो चोरीचा माल.

मी मॅट्रिक माणूस. आजच्या भाषेत दहावी पास. नांदेडकडून पोट घेऊन मुंबईला आलो, कॉलेजची पायरी चढलो नाही. पण शोधनिबंधात तुम्ही ज्याला 'संदर्भ' म्हणता तो काय असतो, हे मला गोदीनं शिकवलं.

हे आत्ताच काढायला कारण घडलं. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. लातूरच्या एका कॉलेजात शिकणारं आपल्याच वस्तीतलं पोरगं भेटलं. नामांतराच्या लढ्यावर प्रकल्प लिहिलेला. पन्नास पानं, वर बाइंडिंग. अभिमानानं माझ्या हातात दिला. मी रात्रभर वाचला. तळमळ खरी होती, पण एकाही वाक्याला दाखला नव्हता. जागोजाग 'असे म्हटले जाते'. शेवटी संदर्भसूचीत तीन नोंदी : गुगल, विकिपीडिया, विविध पुस्तके.

आणि मधल्या एका पानावर माझी आजी. १९७८ च्या त्या रात्री घर पेटलं तेव्हा लेकरं पोटाशी धरून ती हायब्रीडच्या रानात कशी बसून राहिली, ते तिच्याच शब्दांत. खाली लिहिलेलं : 'एका वृद्ध दलित महिलेने सांगितले.'

आजीला वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अरं लेकरा, घर माझं जळालं, रात माझी गेली, अन् नाव काहून न्हाई घातलास? तवाच्या कागदात बी आमचं नाव नव्हतं."

पोरगं मान खाली घालून बसलं. मीही बसलो. कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. दाखला म्हणजे परीक्षकाला खूश करायची शेपटी, असंच आपल्याला शिकवलं गेलंय. दाखला म्हणजे साक्ष, हे कुणी सांगितलंच नाही. कोर्टात साक्षीदाराचं नाव नसेल तर खटला उभा राहत नाही. आपला तर सगळा इतिहासच खटला आहे.

बघा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचिराम कांबळेंना ठार मारलं. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेही विस्तार करून. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. लातूरची पोरं आज त्याच्याच पदव्या घेतात.

या तारखा मी सांगतोय म्हणून मानू नका. शोधा. उद्या कुणी छातीवर हात ठेवून म्हणेल, असं काही घडलंच नव्हतं, किरकोळ बाचाबाची होती. तेव्हा 'असे म्हटले जाते' हे वाक्य तुमच्या कामाला येणार नाही.

शोधायचं कुठं? पहिल्यांदा ग्रंथालयात. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली मागा. नामांतराला विरोध करणारं दैनिक 'मराठवाडा' सुद्धा वाचा. आपल्या विरोधकाचा कागदही साक्षीदार असतो, कधीकधी आपल्यापेक्षा पक्का. बाबासाहेबांनी ग्रंथांतूनच ग्रंथांना उत्तर दिलं, अध्याय आणि श्लोक दाखवून. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला तेव्हा तेही विद्यार्थीच होते. पुढं राजगृह बांधलं तेव्हा त्यात पुस्तकांची सोय आधी बघितली.

ग्रंथालयाचं मला सांगू नका. एकदा एका ग्रंथालयात गेलो तर टेबलामागच्या माणसानं विचारलं, कुठलं कॉलेज? म्हटलं, गोदी. त्यानं रजिस्टर मिटलं. आता मी त्याला सांगेन, महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे, आणि सार्वजनिक म्हणजे माझंपण. तुम्ही तर विद्यार्थी. तुमच्याकडं ओळखपत्र आहे. ते खिशात सडवू नका.

मग मोबाइल. रात्री दोनपर्यंत रील बघता, त्याच मोबाइलवर 'शोधगंगा' उघडते. देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथं फुकट आहेत. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून काढले, पहिल्या खंडाचे संपादक वसंत मून. तेही इंटरनेटवर फुकट मिळतात. तरी आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कुठलंही वाक्य बाबासाहेबांच्या नावावर खपवतो. खंड सांगा, पान सांगा, आवृत्ती सांगा. सांगता येत नसेल तर त्यांच्या तोंडी घालू नका.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना चालू झाली. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे तेरा हजार नियतकालिकं वाचता यावीत म्हणून तीन वर्षांना सहा हजार कोटी. हा पैसा करातून जातो, माझ्या चहाबिस्किटावरचा करही त्यात आला. तेव्हा ग्रंथपालाला विचारा, आपलं कॉलेज यात आहे का? नसेल तर दुसरी कुठली सोय आहे? खाजगी कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं काय करायचं, हेही विचारा. विचारणं ही भीक नाही.

आता लिहायचं कसं. १९७८ च्या दंगलीवर अत्याचार विरोध समितीचा अहवाल आहे. त्याची नोंद अशी होते : अत्याचार विरोध समिती, 'द मराठवाडा रायट्स : अ रिपोर्ट', इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली, खंड १४, अंक १९, १२ मे १९७९. आणि जे वाक्य घेतलं त्याचं पान. एवढं दिलं की लातूरचं पोरगं असो की लंडनचा प्रोफेसर, दोघं एकाच कागदापाशी पोचतात. पुस्तक असेल तर लेखक, साल, नाव, प्रकाशक, पान. इंटरनेटवरचं असेल तर पूर्ण पत्ता आणि कुठल्या तारखेला बघितलं ते. दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललं असेल तर तसं लिहा. मूळ वाचल्याचा आव आणू नका.

आणि ते नवं यंत्र. चॅटबॉटला संदर्भ मागितला की तो झटकन देतो. लेखक असतो, साल असतं, पान असतं. फक्त पुस्तक कधीकधी जन्मालाच आलेलं नसतं. बिनजहाजाचा नग! पान डोळ्यांनी बघितल्याशिवाय नोंद करू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांवर उचलेगिरी सापडली की कारवाई आहे. पण त्या भीतीनं नको. आपली माणसं चोरीला गेलेली आपण पाहिलीत, म्हणून.

शेवटचं आणि खरं. आपले कितीतरी पुरावे कुठल्याच कपाटात नाहीत. मोर्चाचं हँडबिल, शाहिराची वही, बंद पडलेल्या अनियतकालिकाचा एकच उरलेला अंक, आणि म्हाताऱ्यांची तोंडं. हेही संदर्भच. हँडबिलावर तारीख, गाव, छापखाना असेल तो लिहा. माणसाशी बोललात तर नाव, गाव, दिवस, कुणी विचारलं, हे लिहा. पण आधी त्यांना विचारा. ज्यांनी घर जाळलं त्यांच्याच शेतात अजून कुणाची मजुरी चालू असेल. ती 'नको' म्हणाली तर नाव झाका आणि का झाकलं ते लिहा. झाकणं वेगळं, खोडणं वेगळं.

आजी 'घाल' म्हणाली. त्या पोरानं ते पान पुन्हा लिहिलं. खाली नाव, गाव, मुलाखतीची तारीख. आजीला अक्षर येत नाही. तिनं बोट ठेवून विचारलं, "ह्यातलं माझं कोणतं?" त्यानं दाखवलं.

या अंकापासून आम्हीही नियम केलाय. लेख कितीही जळजळीत असो, दाखला नसेल तर परत. घरच्या पेटीत जुनं हँडबिल असेल तर घेऊन या. आम्ही फोटो काढू, मूळ कागद तुम्हालाच परत देऊ.

कागद सांभाळा. नावं सांभाळा.

जयभीम.