कॅबिनेट विका, 'दहा हजार गेम्स' विकू नका

जुन्या कॉम्प्युटरपासून घरगुती आर्केड कॅबिनेट बनवायच्या व्हिडिओवर एकच प्रश्न सारखा येतोय: "सर, हे बनवून विकलं तर चालेल का?" चालेल की. ऑफिसातून काढून टाकलेला आय-थ्री पीसी, चौकोनी 19 इंची मॉनिटर, 18 एमएम प्लाय, जॉयस्टिक, बटणं आणि ती यूएसबीला जोडणारा एन्कोडर बोर्ड, बस्स.

गोची पुढे आहे. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "गेम्स किती टाकून देणार?" आणि आपण पेन ड्राइव्ह काढतो. इथेच थांबा. 'मेम' नावाचा इम्युलेटर फुकट आणि कायदेशीर आहे, पण त्यात चालणारे गेम्स आपले नाहीत. 1980 चा पॅक-मॅन असो की 1991 चा स्ट्रीट फायटर टू, हक्क कंपन्यांकडेच आहेत. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63: धंद्यासाठी कॉपी केली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर 50 हजार ते 2 लाख दंड. "सगळेच करतात" हे तिथे चालत नाही.

'नाही' म्हटल्यामुळे माझी एक ऑर्डर गेली. वाईट वाटलं. पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र कॅपकॉम आर्केड स्टेडियमचे गेम्स स्टीमवर त्याच्याच अकाउंटमधून घ्यायला लावले. गेम्स त्याचे, माझी फक्त जोडणी.

अन् हो, त्या जोडणीचे पैसे लावा! पहिल्या कॅबिनेटच्या वायरिंगमध्ये माझे दोन रविवार गेले आणि मजुरी मी शून्य धरली. बायकोने हिशोब केला तेव्हा कळलं, प्लायवाला माझ्यापेक्षा जास्त कमावून गेला.