दप्तराचा काटा कोणी धरावयाचा?

सावेडीच्या प्रोफेसर कॉलनी चौकात किंवा पाइपलाइन रस्त्यावर शाळा भरण्याच्या वेळी दहा मिनिटे उभे राहावे. मान पुढे काढून, कमरेत वाकून चालणारी मुले दृष्टीस पडतात. ‘पोक काढून चालू नकोस’ असे घरी बजावणारे पालकच ते दप्तर त्यांच्या खांद्यांवर चढवीत असतात.

प्रश्न जुना आहे. १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराने वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा आग्रह धरला. न समजलेल्या अभ्यासाचे ओझे दप्तराहूनही जड असते, हेही तिने बजावले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली आणि जुलै २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. जबाबदारी मुख्याध्यापक व संस्थाचालक यांच्यावर टाकण्यात आली. वर्षभरातच, ऑगस्ट २०१६ मध्ये, चंद्रपूरच्या सातवीतील दोन विद्यार्थ्यांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. आठ विषयांची किमान सोळा पुस्तके-वह्या, पाच ते सात किलोंचे दप्तर आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शासननिर्णयाचा पंचनामा बारा वर्षांच्या मुलांनी करावा, यावर अधिक भाष्य नको.

हिशेब सोपा आहे. तीस किलो वजनाच्या मुलाने तीन किलोंपर्यंत वाहावे, असा नियम. त्यात लिटरभर पाण्याची बाटलीच एक किलोची. मग रिकाम्या दप्तराचे वजन, डबा, कंपासपेटी. पुस्तकांच्या वाट्याला उरते किती? २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने शाळेतच पुरेसे पिण्याचे पाणी असावे असे म्हटले, ते यासाठीच. नळाच्या पाण्यावर पालकांचा विश्वास नसेल, तर त्या अविश्वासाचे वजनही मुलाच्याच पाठीवर पडते.

शासनाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच टिपणांसाठी कोरी पाने घालण्याची योजना आली. परंतु मुले वह्या आणीतच राहिली, पुस्तके तेवढी जाड झाली आणि २०२५ च्या जानेवारीत ती पाने रद्द झाली. वेळापत्रकाला हात न लावता पुस्तकाच्या बांधणीने ओझे उतरवू पाहिले की असेच व्हावयाचे.

आता वैद्यकाविषयी. दप्तरामुळेच कणा कायमचा वाकतो, असे शास्त्र छातीठोकपणे सांगत नाही, आणि ते पालकांना सांगून घाबरविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जड दप्तराने मूल पुढे झुकते, खांदे व मान आखडतात, हे मात्र कोणीही पाहू शकतो. त्याहून मोठा शत्रू म्हणजे हालचालीचा अभाव. शाळेच्या बाकावरून शिकवणीच्या बाकावर, तेथून मोबाईलवर मान टाकून बसणे. यात पाठीच्या स्नायूंना काम उरत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी एक तास दमविणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या महाराष्ट्राने मल्लखांब जोपासला, तेथे खेळाचा तास गणिताला उसना दिला जावा, ही आपली प्रगती!

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. वाढीच्या वयात शंभरांतील दोन-तीन मुलांच्या कण्याला बाजूस वळण येते. याचे कारण बहुधा सापडत नाही. दप्तराला त्याचा दोष देता येत नाही. मुलाला दोन्ही हात खाली सोडून पुढे वाकावयास सांगावे. पाठीची एक बाजू उंच दिसली तर अस्थितज्ज्ञाकडे न्यावे. हे वळण, विशेषतः मुलींमध्ये, वयात येताना झपाट्याने वाढू शकते आणि वेळीच कळले तर पट्ट्याने ते पुष्कळदा आवरता येते. शाळेच्या आरोग्य तपासणीत यासाठी मुलामागे अर्धा मिनिटही लागणार नाही.

सावेडीतील शाळांनी एवढे करावे: दारात वजनकाटा ठेवावा, महिन्यातून एकदा मूल व दप्तर दोन्ही तोलावीत आणि आकडे फलकावर लावावेत. दिवसाचे विषय कमी करून तास जोडून घ्यावेत. वर्गात कपाट द्यावे. संस्थाचालक खर्चाचे कारण पुढे करतील. पालकांनी पुढच्या पालकसभेत गुणांच्या आधी, २०१५ पासून आपल्या शाळेत दप्तरे किती वेळा तोलली गेली, एवढे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.