नशिबाचा बाजार आणि आपले घर



कॅसिनो हा शब्द कानी पडला की आपणांस वाटते, हा तर श्रीमंतांचा खेळ. मांजरेकाठच्या कष्टकऱ्याचा त्याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या चुलीशी आहे.

पणजीस मांडवी नदीत कॅसिनोची जहाजे उभी असतात. तेथे नोटा देऊन रंगीत चकत्या घ्याव्या लागतात. नोट टाकताना हात अडखळतो, चकती टाकताना अडखळत नाही. चक्रावर 0 ते 36 असे 37 आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर एकेक रुपया लावलात तर 37 रुपये जातील. आकडा कोणताही येवो, हाती 36 परत येतील. उरलेला रुपया मालकाचा. त्याला लबाडी करण्याची गरजच नाही. त्याचा वाटा खेळाच्या मांडणीतच ठरलेला आहे.

आता मटका पाहा. आकडे दहा, आणि लागलेल्या एकेरी आकड्यास मिळतात साधारणतः नऊपट. म्हणजे श्रीमंताच्या चक्रावर रुपयामागे तीन पैशांहून कमी जातात, गरिबाच्या चिठ्ठीवर दहा पैसे. ज्याच्याजवळ कमी, त्याच्याकडूनच अधिक! ही रीत आपणांस ओळखीची वाटत नाही काय?

सरकारास महसूल मिळतो, असे समर्थन केले जाते. परंतु हा महसूल घेणाऱ्या गोवा सरकारनेच 2020 मध्ये गोव्याच्या रहिवाशांस कॅसिनोत खेळण्यास मनाई केली. जे आपल्या मुलांस घातक, ते शेजाऱ्याच्या मुलांस हितकर कसे? महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधीच अमलात आणला नाही. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला, हे उचितच झाले. 2025 साली संसदेने मोबाइलवरील पैशांच्या खेळांवरही बंदी घातली. तथापि कायदा बाहेरून दार लोटतो. कडी घराने आतून लावावी लागते.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: जिंकणाऱ्यास वैर, हरणाऱ्यास शोक, धनाचा नाश, सभेत शब्दास किंमत नाही, मित्रांत अवहेलना, आणि सोयरीक जोडण्यास कोणी तयार होत नाही. यांत परलोकाची भीती नाही. सर्व हानी याच घरात दिसणारी आहे.

दैव नाकारून आपण धम्म स्वीकारला. आकड्यापुढे हात जोडणे म्हणजे त्याच दैवास मागील दाराने आत घेणे होय. म्हणून ऊसतोडीची उचल वा सोयाबीनचे पैसे घरात येताच पती-पत्नींनी एकत्र बसून मोजावेत आणि मुलांच्या शिक्षणाचा वाटा प्रथम बाजूस काढावा. जो फसला त्याची हेटाळणी करू नका. लाजेपोटी तो सावकाराचे दार गाठील आणि गमावलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा खेळेल. येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर विहारात हा 37 आणि 36 चा हिशेब फळ्यावर मांडा. त्या वेळी मुलांनाही समोर बसवा.