बाययुरेट : पोत्यावरची न वाचलेली ओळ

'बाययुरेट' म्हटलं की काय आठवतं? बारावीचं प्रॅक्टिकल, प्रोटीन आणि जांभळा रंग! गंमत म्हणजे त्या परीक्षानळीत बाययुरेट नसतंच. प्रोटीनमधले पेप्टाइड बंध अल्कलीत तांब्याशी तसाच रंग देतात, म्हणून टेस्टला ते नाव. खरं बाययुरेट असतं आपल्या घरच्या पडवीत, युरियाच्या पोत्यात.

बनवायला सोपं. कोरडा युरिया परीक्षानळीत हळूहळू तापवा. १३३ अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळतो. मग अमोनियाचा वास सुटतो आणि युरियाचे दोन रेणू जोडले जाऊन बाययुरेट होतं. जास्त तापवलंत तर सायन्युरिक ॲसिड! युरिया पाण्यात चटकन विरघळतो. बाययुरेट मात्र १०० मिलीमध्ये जेमतेम २ ग्रॅम.

हीच रिॲक्शन युरियाच्या प्रत्येक कारखान्यात नको असताना होते. म्हणून तिथे पाणी व्हॅक्यूमखाली उडवतात, वितळलेला युरिया फार वेळ गरम ठेवत नाहीत. आपण 'रेसिडेन्स टाइम'ची व्याख्या पाठ करतो, तिचा अर्थ हा आहे.

१९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार युरियात बाययुरेट जास्तीत जास्त १.५ टक्के चालतं. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात ६७५ ग्रॅमपर्यंत! जमिनीत नीट पसरून टाकलं तर सहसा बिघडत नाही. पण बियाण्याला चिकटून पडलं तर उगवण मार खाते, आणि पानांवर फवारलं तर टोकं पिवळी पडतात. लिंबूवर्गीय झाडं आणि अननस याला फार नाजूक. फवारणीसाठी पाव टक्क्याच्या आतला युरिया घ्यावा, असं तज्ज्ञ सांगतात.

माझं स्पष्ट मत आहे : रत्नागिरीसारख्या बागायतीच्या जिल्ह्यात पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्री लॅबमध्ये हा प्रयोग हवाच. अल्कलीतल्या तांब्याचा जांभळा रंग कलरीमीटरवर मोजून बाययुरेटचं प्रमाण काढता येतं. सर म्हणतील, "सिलॅबसमध्ये नाही." नसू दे! एक शनिवार पुरेल. हॉस्टेलवरच्या प्रत्येकाने सुट्टीहून येताना लाडवांच्या डब्यासोबत मूठभर युरिया, अर्थातच वेगळ्या पुडीत, आणावा.

आणि तोवर? घरी फोन कराल तेव्हा बाबांना एवढंच विचारा, "पोत्यावर बाययुरेट किती लिहिलंय?" आपल्या शिक्षणाचा घरच्या बागेला झालेला तो पहिला उपयोग असेल.